गव्हाचं शेपूट

कुठलं जनुक शरीरात काय काम करतं, याची जगभरच्या संशोधकांची सामाईक वर्गवारी सांभाळणं ही तिची नवी नोकरी. पहिल्याच महिन्यात तिने वर्गवारीच्या तक्त्यात एक बाण भलत्याच कप्प्याला जोडला आणि सकाळी एका संशोधक बाईंचा फोन आला, "अहो, तुमच्याकडे आमच्या गव्हाला शेपूट फुटलंय!"

चूक दुरुस्त करून ती खालमानेने साहेबांच्या केबिनमध्ये गेली. भिंतीवर त्यांच्या नातवंडांची वाटावीत अशी चित्रं होती: गुडघेवाली बुरशी, मिशीवालं केळ, दात विचकणारा गुलाब.

"सर, पुन्हा नाही होणार."

साहेबांनी खणातून रंगीत खडू काढून तिच्यापुढे ठेवले.

"काढा चित्र. शेपूट चांगलं झुबकेदार हवं! ती बुरशी माझी, पहिल्या महिन्यातली. आणि ते मिशीवालं केळ सकाळी फोन करणाऱ्या बाईंचं, त्या आधी इथेच होत्या."