उभं राहायची बारी

थोरल्या नातीचं लग्न झालं ते १९३८ साल. मांडव उतरला आणि त्याच आठवड्यात प्रयागबाई नागपूरला कौन्सिलच्या वरच्या सज्जात येऊन बसली. हाताची हळद अजून गेली नव्हती.

शेजारी तिचा दीर जानराव होता. वर उंच छत. खाली फेटे, टोप्या, कोट घातलेली माणसं ओळीनं बसलेली, आणि समोर सगळ्यांपेक्षा उंच खुर्चीवर सभापती. प्रयागबाईला आपला लेक शालिकराम अगदी मागच्या बाकावर दिसला.

"एवढे मोठाले लोक!" ती म्हणाली. "यायच्यात आपल्या शालिकरामले बसू देतात?"

"निवडून आला ना तो. आन हळू बोल वं वैनी. इथं खोकलं तरी बाहेर काढतात."

सभापतींनी नाव पुकारलं. शालिकराम उठला. बाकी सगळे बसलेले, तो एकटा उभा.

प्रयागबाई जानरावाकडे वळली. "भाऊजी, काय केलं त्यानं?"

"काय करते? बोलून राह्यला."

पण भरल्या सभेत एकटा माणूस उभा राहिलेला तिनं फक्त जातीच्या पंचायतीत पाहिला होता. तिथं पंच बसत आणि ज्याच्यावर दोष असे तो उभा राही. त्याच्या मागं घरच्यांनी हात जोडून उभं राहायचं. मागं कोणी नसलं तर घरानं याला सोडलं असं पंच धरत, आणि मग त्याचं कोणी ऐकत नसे.

शालिकरामच्या मागं नुसती भिंत होती.

प्रयागबाई उठली. डोईवरचा पदर नीट केला, हात जोडले आणि कठड्याशी उभी राहिली.

"बस वं वैनी! हे पंचायत नोय."

"नसन. लेक तं माहा हाय."

पट्टेवाला लगबगीनं आला. "बाई, खाली बसा. इथं उभं राहायचं नाही."

"तो बसला का मंग मीबी बसीन," ती म्हणाली. पट्टेवाला डोकं हलवत दाराकडे गेला.

शालिकराम मराठीतच बोलत होता. आधी आवाज कापरा होता, मग लागला. अडाण नदी जिथं पाण्यातून ओलांडतात त्या उतारावर पूल नाही, पावसाळ्यात काठच्या माळ्यांची वांगी-मिरची मंगरूळच्या बाजारापर्यंत जात नाही, बाळंतीण अडली तर दवाखाना पलीकडे राहतो, असं त्यानं सांगितलं.

"देशाच्या सुधारणेचे मोठे बेत मी या सभागृहात ऐकले," तो म्हणाला. "चांगले आहेत. पण ती सुधारणा उद्या आमच्या गावाला निघाली, तर अडाणच्या पलीकडच्या काठावर उभी राहील. तिला उतार मिळायचा नाही."

काही सभासद हसले.

"माझा बाप जगदेव बाजारातून गाडी घेऊन येताना त्याच उतारावर वाहून गेला. बैल सापडले. तो सापडला नाही."

हसू थांबलं. प्रयागबाईनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. ते या एवढ्या छताखाली घुमलं, आणि मेजाशी बसलेल्या कारकुनानं ते लिहून घेतलं.

पट्टेवाला पुन्हा आला, या वेळी तिला बाहेर न्यायला. तेवढ्यात शालिकराम बसला. समोरच्या पहिल्या बाकावरून एक वयस्कर गृहस्थ उठले.

"हे कोन?"

"मंत्री. सडका-पुलाचं खातं त्यायच्याकडं. सरकारच समज."

"सरकार उभं राह्यलं?"

तिनं आजवर पाहिलेलं सरकार बसलेलं असे. पटवारी बाजेवर, तहसीलदार खुर्चीवर, आणि समोर उन्हात उभी माणसं. मंत्री सांगत होते की सभासदांचं म्हणणं सरकारनं ऐकलं, येत्या उन्हाळ्यात इंजिनियर जाऊन उतार पाहील. प्रयागबाईला त्यातलं निम्मं कळलं. ती त्यांच्या उभं राहण्याकडेच पाहत होती.

मग ती सावकाश खाली बसली.

"आता काहून बसली?" जानराव कुजबुजला.

"आता त्यायची बारी हाय."

पट्टेवाला दाराकडे परत गेला.

बाहेर शालिकराम पायऱ्या उतरून आला. प्रयागबाई त्याच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तशी पाहत राहिली.

"तुमी जेवले का?" तिनं विचारलं.

"मले तुमी काहून म्हनतं वं माय?"

"सरकार ज्याच्यासाठी उभं राह्यते त्याले अरे-तुरे कशी करू बाप्पा?"

"आता घरी गेल्यावर पाटावर बसवजो त्याले," जानराव म्हणाला.

शालिकराम हसला नाही. "माय, मी नुसतं इचारलं," तो म्हणाला. "जवाब त्यायनं तुले देल्ला."

इंजिनियर आला, उतार पाहून गेला. मग लढाई सुरू झाली. पूल झाला तो १९४६ साली. प्रयागबाई त्याआधी, १९४३ च्या भादव्यात वारली. त्या दिवशी अडाणला पूर होता. निरोप मिळताच निघालेला शालिकराम पलीकडच्या काठावर अडकला, म्हणून अलीकडच्या काठावर अग्नी जानरावानं दिला. पलीकडे लोक शालिकरामला खाली बस म्हणत होते. चिता विझेपर्यंत तो हात जोडून उभा होता.