काळं पडलेलं तूप

दिगंबर काशाच्या वाटीने लेकीचे तळपाय चोळत होता. मे महिन्यात अकोल्यात घरोघरी असे तूप लावून पाय चोळतात, आणि तूप काळं पडलं की अंगातली उष्णता निघाली म्हणतात. ओवीच्या पायाचं तूप कधी काळं पडलंच नव्हतं. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असलेली नऊ वर्षांची पोर. भर उन्हाळ्यातही तिचे पाय गार, कातडी कोरडी, दिवसभर नुसती पेंगायची. "तिचा आजारच तसा," सगळे म्हणत. तोही तेच धरून चालला होता.

होळीनंतर नव्या डॉक्टरबाईंनी तिचे पाय हातात घेऊन पाहिले आणि थायरॉइडची तपासणी करायला लावली. "हा वेगळाच आजार आहे, दादा. याला गोळी आहे." तेव्हापासून त्याची बायको कुंदा रोज सकाळी उपाशीपोटी लेकीला मुगाच्या डाळीएवढी गोळी पाण्यात विरघळवून देत होती.

आज वाटीखाली काळी रेघ उमटली.

"वाटी नीट घासली नव्हती का गं?" त्याने बायकोला विचारलं.

कुंदाने वाटी चिंचेने लख्ख घासून आणली. त्याने दुसरा पाय मांडीवर घेतला. तूप आधी करडं झालं, मग काजळासारखं काळं. पाय चक्क उबदार लागत होता, आणि ओवी तो ओढून घ्यायला बघत होती.

कुंदाने ते काळं तूप बोटावर घेतलं आणि ओवीच्या गालाला तीट लावली.

पोरीला कुणाची दृष्ट लागेल, असं त्या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी वाटलं होतं.