गुळवेलीचा काढा

भिकाजीरावांनी काढ्याचा पेला पुढे केला, पण वैदेहीने तो घेतला नाही. परसातल्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल ते रोज स्वतः कापून आणायचे, ठेचायचे, उकळायचे. सुनेच्या अंगातली कणकण जावी म्हणून पावसाळाभर त्यांचा हा उद्योग चालला होता.

"बाबा, माझ्या यकृताला सूज आलीय," ती चाचरत म्हणाली. "डॉक्टरांना काढ्याचाच संशय आहे. बंद करा म्हणालेत."

"गुळवेलीने? अगं, अमृतवेल म्हणतात तिला!" ते हसले. मग ते हसू विरलं. पेला ओट्यावर ठेवून ते स्टुलावर टेकले. "तुझ्या सासूलाही मीच द्यायचो. शेवटपर्यंत. ती काविळीने गेली."

सासूबाईंना वैदेहीने फक्त फोटोत पाहिलं होतं.

"आधी कावीळ झाली, की आधी काढा सुरू केला?" ते स्वतःशीच पुटपुटले. "कावीळ झाली म्हणूनच दिला असेन. की तिचे गुडघे दुखायचे म्हणून? पण गुडघे तर आधीपासूनच..." कपाळ चोळत ते थांबले. "काही केल्या आठवेना गं."

"आधी कावीळ झाली, बाबा," वैदेही ठामपणे म्हणाली.

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, उपरण्याने डोळे टिपले. मग गोंधळून तिच्याकडे पाहिलं.

"पण तेव्हा तू या घरात कुठं होतीस?"