तीन ठोके

डोंगरकडा गावातल्या हळद पॉलिश करायच्या लोखंडी ड्रमचा धडधडाट रेकॉर्ड करून पुनमनं इंडस्ट्रियल मेटल या दणदणीत रॉक संगीताचा अल्बम केला, आणि आठवड्याभरात तो गावोगावच्या पोरांच्या कानात घुमू लागला. सगळ्यांना वेड लावलं ते प्रत्येक गाण्याआधीच्या तीन ठोक्यांनी.

"ताई, ठोके लई जबरी टाकले तुमी," गिटार वाजवणारा सुरज म्हणाला.

"मी? मला वाटलं तूच टाकलेस."

ठोके कोणीच टाकले नव्हते. ड्रममध्ये हात घालण्याआधी तिचे आबा पान्यानं पत्र्यावर तीनदा ठोकायचे. हात आत आहे, बटण दाबू नको, असा त्याचा अर्थ. ड्रम सुरू करायच्या बटणापाशी लहानपणापासून पुनमच असायची. आबांना जाऊन आता वर्ष झालं होतं.

रविवारी भर दुपारी हळद पॉलिश करायच्या शेडमध्येच कार्यक्रम ठेवला. तीनशे पोरं, शिट्ट्या, आरोळ्या. मधोमध रिकामा ड्रम, झाकण उघडं. पुनमनं बटणावर बोट ठेवलं आणि ड्रमवर तीन ठोके पडले.

पोरांनी एकच गिल्ला केला.

"दाबा की, ताई! काहून थांबून राहिल्या?" सुरज ओरडला.

तिचं बोट हलेना. हे आबाच, या आनंदानं ती हरखून गेली. बटण सोडून ती धावतच ड्रमपाशी गेली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"जाऊ द्या, मीच दाबतो!"

आतल्या खरखरीत बोटांनी तिचं मनगट घट्ट धरलं, आणि भलतीकडे हात घालणाऱ्या लेकराला रागानं ढकलावं तसा तिचा हात बाहेर ढकलून दिला.

मागे सुरजनं बटण दाबलं.