शेऱ्याचा रकाना

पाण्याच्या पडीक टाकीत यंदाही गव्हाणी घुबडाचं अंडं नव्हतं. खाली शिडी धरून उभे असलेले वनमजूर धोंडूमामा म्हणाले, “वांझ दिसतीया मादी. तसाच शेरा लिहा.”

“मामा, औंदा उंदीर किती दिसले?” उतरता उतरता वनरक्षक शेवंताने विचारलं.

“कुठले उंदीर? दोन वर्षं रानात गवतच नाही.”

“मग पिल्लांना ती चारणार काय? उंदीर माजले होते त्या साली हिनेच सात पिल्लं वाढवली.”

तिने वहीत लिहिलं, ‘मादी निरोगी. अन्न कमी, म्हणून थांबली आहे.’

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. लग्नाला तीन वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. त्यांचा रोज तोच विषय. आज शेवंताने तो टाळला नाही.

“मी वांझ नाही, आत्याबाई. थांबलेय,” ती म्हणाली. “तुमच्या लेकाला आधी काम लागू द्या.”