रेघा मारायचं मशीन

१९४३ साल. नगरच्या गनीभाईंच्या कारखान्यात रणगाड्यांसाठी दाब मोजायचे प्रेशर गेज बनत. लष्कराच्या इन्स्पेक्टरने एका गेजची तबकडी भिंगाखाली धरली. शंभर रेघा, केसासारख्या बारीक, एकही हललेली नाही.

"रेघा मारायचं मशीन कुठलं? जर्मन?"

"नाही साहेब, नगरचंच."

"मग दाखवा."

गनीभाई कारखान्याला लागूनच असलेल्या आपल्या घराच्या दारापुढे जाऊन उभे राहिले. "ते... बाहेरच्या माणसाला दाखवत नाही, साहेब."

"शत्रूचं मशीन लपवताय? सगळा माल परत!"

तेवढ्यात घराच्या दारावरचा पडदा हलला. आतून गनीभाईंच्या बायकोचा, सरवरीचा आवाज आला.

"अवो, त्यांना सांगा, चारच भाकरी थापायच्या राहिल्यात. मग येते आन् त्यांच्यापुढंच मारते शंभर रेघा. फक्त साहेबांना म्हनावं, भिंतीकडं तोंड करून बघा."