नूरझातचं कार्ड

कर्करोग नोंदणीच्या कचेरीत सतरा वर्षं काढलेल्या बुरुलला त्या कार्डाचा पहिल्यापासून संशय होता. नूरझात, वय एकतीस, पोटाचा कर्करोग, शेवटचा टप्पा. डोंगरातल्या तिच्या गावी येऊन बघते तर नूरझात घोडीच्या दुधाची भरलेली बादली एका हाताने उचलून आणत होती.

"इथला डॉक्टर रुग्णांचे आकडे फुगवतोय, आणि तू त्याला सामील," बुरुल म्हणाली.

नूरझातने तिला तबेल्याआड ओढलं. "हळू बोला, ताई. दुखणं आईचं आहे. तिला कळलं तर आजच हाय खाईल. डॉक्टरांच्या हातापाया पडून कागद माझ्या नावावर करून घेतले. इकडे सगळे असंच करतात."

"सगळ्यांचंच खोटं बाहेर येतं," बुरुल म्हणाली. तरीही खात्री करायला ती घरात शिरली.

म्हातारी भिंतीला टेकून कुमिसच्या, घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, वाडग्यात चमचा फिरवत होती. वाडगा तिने लेकीपुढे सरकवला. "पी. सगळा संपव." नूरझात निमूटपणे प्यायली आणि पाव आणायला बाहेर गेली.

म्हातारीने बुरुलचं मनगट धरलं. "दवाखान्यातून आलात ना? तिच्यासमोर काही बोलू नका. तिच्या नावाचा कागद मी वाचलाय. गोळ्यांच्या खोक्यावरही तिचंच नाव आहे, आणि वेडी पोर स्वतः न घेता त्या शक्तीच्या म्हणून मलाच देते. मी कशाला गिळतेय? कुटून रोज तिच्याच कुमिसमध्ये घालते."